शेऱ्याच्या रकान्यात

"सर, तुमची ऑर्डर आली आहे. या वेळी पीआरओ," असा शाळेतल्या लिपिकाचा फोन आला, तेव्हा मी स्टुलावर उभा राहून आकाशकंदिलाची वायर ओढत होतो. इलेक्शन ड्युटी मला नवी नव्हती. पंचवीस वर्षांच्या नोकरीत लोकसभा, विधानसभा, महापालिका अशा पाच-सहा निवडणुकांत मी कधी यादीवर खुणा केल्या होत्या, कधी बोटांना शाई लावली होती. पीआरओ, म्हणजे मतदान केंद्राध्यक्ष, मात्र कधी झालो नव्हतो, आणि पोटनिवडणूकही जवळून पाहिली नव्हती. मतदारसंघ १६६, अंधेरी पूर्व. मतदान ३ नोव्हेंबर २०२२, गुरुवार.

मी गणित शिकवतो. तारखा दिसल्या की मन आपोआप वजाबाकी करू लागतं. अंधेरी पूर्वचे आमदार रमेश लटके यांचं ११ मे रोजी दुबईत हृदयविकारानं निधन झालं होतं. जागा रिकामी झाली की सहा महिन्यांच्या आत ती पोटनिवडणुकीनं भरली पाहिजे, असं लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १५१-अ सांगतं. उरलेली मुदत वर्षापेक्षा कमी असेल, किंवा तेवढ्या काळात निवडणूक घेणं अवघड आहे असं आयोगानं केंद्र सरकारशी सल्लामसलत करून प्रमाणित केलं, तरच त्यातून सूट. मेच्या अकरा तारखेपासून सहा महिने मोजले तर नोव्हेंबरचे पहिले दहा दिवसच हाताशी उरतात. मतदान तीनला, मोजणी सहाला. कायद्यानं दिलेल्या मुदतीच्या अगदी काठावर हे वेळापत्रक बसवलेलं होतं. सुट्टी बुडाली म्हणून घरात थोडी नाराजी झाली, पण ही वजाबाकी केल्यावर माझी स्वतःची नाराजी गेली. माझी दिवाळीची सुट्टी आणि दोन लाख एकाहत्तर हजार मतदारांचा आमदार, यांत कुणी थांबायचं हे उघड होतं.

ऑर्डर हातात पडली तोवर निवडणुकीतली चुरस मात्र संपलेली होती. रमेश लटके यांच्या पत्नी ऋतुजा लटके महापालिकेत नोकरीला होत्या. राजीनामा मंजूर व्हावा म्हणून त्यांना उच्च न्यायालयात जावं लागलं. १३ ऑक्टोबरला न्यायालयाचा आदेश झाला आणि चौदाला, अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी, त्यांनी अर्ज भरला. दिवंगत आमदारांच्या पत्नीविरुद्ध लढू नये असं आवाहन राज ठाकरे यांनी पत्र लिहून केलं, शरद पवार यांनीही केलं. १७ ऑक्टोबरला भाजपचे मुरजी पटेल यांचा अर्ज मागे घेतला गेला. रिंगणात सात उमेदवार उरले. यंत्रावरचं आठवं बटण नोटाचं.

"म्हणजे यंदा आरामच की, सर," असं ओळखीतले चार जण तरी म्हणाले. मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं. प्रशिक्षणाच्या दिवशी सभागृहातसुद्धा सगळे थोडे सैल बसले होते. शिकवणाऱ्या अधिकारी बाईंच्या ते लक्षात आलं असावं. कंट्रोल युनिट टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "मतदार कमी येतील म्हणून कागद कमी होत नाहीत. तुमच्या बूथवर दिवसभरात एकच माणूस आला, तरी त्याच्यासाठी हे सगळं असंच लागेल." आणि त्यांनी मॉक पोलपासून, म्हणजे चाचणी मतदानापासून, सुरुवात केली. ते वाक्य मी डायरीत लिहून घेतलं. त्याचा अर्थ कळायला मतदानाच्या दिवसाची दुपार उजाडावी लागली.

बुधवारी सकाळी साहित्य वाटपाच्या केंद्रावर माझी टीम मला भेटली. पीओ वन, म्हणजे पहिले मतदान अधिकारी, पार्ल्यात राहणारे बँकेतले अधिकारी, निवृत्तीला आलेले. पीओ टू एका सरकारी कार्यालयातल्या लिपिक बाई. पीओ थ्री एका ज्युनिअर कॉलेजातला तरुण शिक्षक, त्याची ही पहिलीच ड्युटी. शिवाय एक शिपाई आणि पोलीस. मांडी घालून आम्ही पिशवीतलं सामान यादीशी ताडून पाहिलं. यंत्रांचे नंबर, हिरवे कागदी सील, पट्ट्या, टॅग, लाख, शाईची बाटली, चिन्हांकित मतदारयादी, मतदारांची नोंदवही म्हणजे सतरा-अ, आणि नोंदवलेल्या मतांचा हिशेब म्हणजे सतरा-क, ज्याला सगळे सतरा-सी म्हणतात. म्हैसूरहून आलेली ती इवलीशी शाईची बाटली पीओ टू बाईंनी रुमालात गुंडाळून स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. "ही सांडली तर सगळंच सांडलं," म्हणाल्या.

आमचं केंद्र चकाल्याच्या बाजूच्या एका शाळेत होतं. तळमजल्यावरचा वर्ग. संध्याकाळपर्यंत आम्ही बाकं हलवली, मतदान कक्षाचा पुठ्ठा उभा केला, खिडकीतून कुणाला बटण दिसणार नाही ना हे प्रत्येक बाजूनं वाकून पाहिलं. दाराबाहेर उमेदवारांची यादी चिकटवली. पीओ टू बाई रात्री घरी गेल्या आणि पहाटे येणार होत्या. आम्ही पुरुष मंडळी यंत्राच्या पेट्यांशेजारी चादरी टाकून पडलो.

झोप येईना. शेजारच्या बाकावर डोकं टेकून बँकेतले काका बोलत होते. विलेपार्ल्याची १९८७ची पोटनिवडणूक त्यांना चांगली आठवत होती. तेव्हा ते कॉलेजात होते. डॉ. रमेश प्रभू निवडून आले. पण धर्माच्या नावानं मतं मागितल्याच्या कारणावरून उच्च न्यायालयानं ती निवड रद्द केली आणि १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला. पुढे त्याच प्रकरणातून बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षं गेला. "एका जागेची निवडणूक," काका म्हणाले, "पण तिचे निकाल आजही कोर्टात वाचले जातात. म्हणून म्हणतो, छोटी समजू नका." ते कुशीवर वळले. मी अंधारात पेट्यांकडे बघत पडून राहिलो.

पहाटे साडेपाचला मॉक पोल. मतदानाआधी दीड तास, मतदान प्रतिनिधींच्या समोर. पाचला सगळे तयार होतो, पण प्रतिनिधी एकच आला होता. दोनपेक्षा कमी असतील तर पंधरा मिनिटं वाट पाहायची, मग पुढे जायचं, असा नियम. आम्ही पंधरा मिनिटं घड्याळाकडे बघत बसलो. मग यंत्र जोडलं. किमान पन्नास मतं, प्रत्येक बटणाला, नोटालासुद्धा. प्रत्येक मत कागदावर लिहून घेतलं. निकाल काढला, चिठ्ठ्या मोजल्या, दोन्ही जुळले. मग क्लिअर. कंट्रोल युनिटवर शून्य आलेलं त्या एकुलत्या प्रतिनिधीला दाखवलं. व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या काढून त्यांच्या पाठीवर मॉक पोलचे शिक्के मारले आणि काळ्या लिफाफ्यात सील केल्या. रिकामा डबा त्याला उघडून दाखवला. तो विशीतला मुलगा होता. त्यानं डब्यात वाकून पाहिलं आणि गंभीरपणे मान हलवली. त्याच्या त्या मान हलवण्यानं मला बरं वाटलं. शून्यापासून सुरुवात झाली, हे माझ्याशिवाय कुणीतरी पाहिलं होतं.

सातला दार उघडलं. पहिल्या अर्ध्या तासात बरे मतदार आले. फिरायला जाणारे, दुकान उघडायच्या आधी येणारे, दर निवडणुकीत पहिल्या दहांत असणारे. नंतर ओघ आटला. विधानसभेच्या वेळी याच शाळेच्या व्हरांड्यात रांग वळसा घालून जिन्यापर्यंत जायची, असं शिपाई सांगत होता. आज व्हरांड्यात ऊन होतं आणि एक मांजर. दर दोन तासांनी झोनल अधिकाऱ्यांना पुरुष-स्त्रियांचे आकडे कळवायचे. अकराचा आकडा सांगताना माझा आवाज नकळत खाली गेला, जणू ती माझीच चूक होती.

याच वेळात एक आजी आल्या. नव्वारी, कपाळावर मोठं कुंकू, हातात मतदार चिठ्ठी. दारातच थांबून त्यांनी मला विचारलं, "मास्तर, धनुष्यबाण नाही म्हणतात या वेळी. खरं का?"

प्रश्न खरा होता. शिवसेनेतल्या फुटीनंतर ८ ऑक्टोबरला आयोगानं पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण दोन्ही गोठवलं होतं. ऋतुजा लटके मशाल या चिन्हावर लढत होत्या. फुटीनंतर त्यांच्या गटाची या चिन्हावरची ही पहिलीच निवडणूक. बाहेर सगळ्या मुंबईला हे ठाऊक होतं. पण शंभर मीटरच्या आत, माझ्या तोंडून, कुठल्या चिन्हाचा कुठल्या पक्षाशी काय संबंध हे निघता कामा नये. आजींच्या डोळ्यांत अडचण स्पष्ट दिसत होती. जन्मभर एकाच चित्रावर बोट ठेवलेल्या माणसाला ते चित्र सापडत नाही, तेव्हा तो खरोखरच वाट चुकलेला असतो. उत्तर द्यावं तर पक्षपात, न द्यावं तर बाईंना दारातूनच परत पाठवल्यासारखं.

मी त्यांना भिंतीवरच्या यादीजवळ नेलं. म्हटलं, "आजी, यंत्रावर हेच सात जण आहेत. मी सगळी नावं वाचतो. प्रत्येकाचं चिन्ह शेजारी छापलंय. तुम्ही नीट बघा." आणि वरपासून खालपर्यंत सातही नावं वाचली, सातही चिन्हं सांगितली, आणि शेवटी नोटा. एकाच सुरात, एकाच गतीनं. वर्गात पाढे म्हणताना कुठल्याही ओळीवर जोर पडू न देणं जमतं, ते आज कामाला आलं. आतून तो मतदान प्रतिनिधी कान देऊन ऐकत होता. आजींनी पुन्हा एकदा यादीवरून नजर फिरवली. "कळलं," एवढंच म्हणाल्या. त्यांना काय कळलं ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसणं हेच माझं काम होतं. त्या आत गेल्या, सात सेकंद चिठ्ठी पाहिली आणि बाहेर येऊन शिपायाला म्हणाल्या, "उद्या एकादशी. म्हटलं आजच हे पुण्य घेऊन टाकावं."

खरंच, दुसऱ्या दिवशी कार्तिकी होती. पीओ टू बाई मंगळवेढ्याच्या. त्यांनी पंढरपूर-मंगळवेढ्याच्या २०२१च्या पोटनिवडणुकीची आठवण काढली. आमदार भारत भालके गेल्यानंतरची ती निवडणूक, एप्रिलच्या उन्हात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. त्यांचे भाऊ तिथे शिक्षक. हातमोजे, मुखपट्टी, ताप मोजायची बंदूक असं सगळं सांभाळत त्यांनी ड्युटी केली होती आणि आठ दिवस घरात वेगळे राहिले होते. समाधान आवताडे तिथे ३,७३३ मतांनी निवडून आले. "भाऊ म्हणाला होता," बाई सांगत होत्या, "इतकं जवळचं झालं की आपण लावलेली शाई वाया गेली नाही असं वाटलं." मग रिकाम्या दाराकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, "सर, इथं तसं वाटेल का हो?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही.

दुपारी दोनच्या सुमारास दार पूर्ण रिकामं होतं, म्हणून मी आकडे ताडून पाहायचं ठरवलं. सतरा-अ वहीतला शेवटचा अनुक्रमांक पाहिला. कंट्रोल युनिटवरचं टोटल बटण दाबलं. यंत्र एकानं कमी होतं.

पुन्हा दाबलं. तोच आकडा. पीओ थ्रीच्या कपाळावर घाम आला. त्याला वाटलं, आपण कुणासाठी बॅलट बटण दाबायचंच विसरलो. त्याच्याकडच्या चिठ्ठ्या मोजल्या. त्या यंत्राशी बरोबर जुळत होत्या. म्हणजे त्याची चूक नव्हती. हे एक मत दुसऱ्या आणि तिसऱ्या टेबलांमधल्या आठ-दहा फुटांत हरवलं होतं. कुणीतरी सही केली होती, शाई लावून घेतली होती, चिठ्ठी घेतली होती, आणि यंत्रापर्यंत पोचलंच नव्हतं.

गर्दीच्या दिवशी हे कळलंच नसतं. संध्याकाळी हिशेब करताना एकचा फरक निघाला असता, "मत न देता गेले" अशा समजुतीनं कागदावर लिहिला गेला असता आणि त्यापलीकडे कुणाचं लक्ष गेलं नसतं. पण आज दिवस मोकळा होता. प्रत्येक चिठ्ठीचा नंबर बघत आम्ही कुठला अनुक्रमांक परत आला नाही ते शोधलं. वहीत त्यासमोरची सही थरथरती होती. पीओ टू बाई लगेच म्हणाल्या, "ते पांढऱ्या टोपीचे बाबा! त्यांना बसायला खुर्ची द्या म्हणाले होते मी."

मी व्हरांड्यात गेलो. जिन्याखालच्या बाकावर ते भिंतीला डोकं टेकून बसले होते. शेजारी पाण्याची बाटली. आत शाई लावल्यावर त्यांना घेरी आल्यासारखं झालं, म्हणून बाहेर येऊन बसले होते. सोबत कुणी नव्हतं. मी विचारलं, "बाबा, मत दिलंत का?" त्यांनी डावी तर्जनी वर करून दाखवली. "शाई लागली की, साहेब. झालं ना?"

झालं नव्हतं. खिशातल्या गोळ्यांच्या पाकिटाखाली घडी केलेली चिठ्ठी तशीच होती. मी ती त्यांना दाखवून म्हटलं, "अजून बटण दाबायचं राहिलंय. द्यायचं असेल तर चला. नसेल द्यायचं तर तसंही चालतं, मी तशी नोंद करतो." नकाराची नोंद करायचीही तरतूद नियम ४९-ओ मध्ये आहे, आणि त्यांना ते सांगणं माझं कर्तव्य होतं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग गुडघ्यांवर हात ठेवून उठले. "रमेश आमच्या वाडीत यायचा," म्हणाले. पुढं काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. ते नाव घेऊन ते कुठल्या बटणाकडे जाणार होते की आणखी कुठं, हे माझ्या ऐकण्याचं नव्हतं.

आम्ही त्यांना सावकाश आत नेलं. प्रतिनिधीला काय झालं ते सांगितलं. त्यानं हरकत घेतली नाही. चिठ्ठी पीओ थ्रीकडे दिली, त्यानं बॅलट बटण दाबलं. पुठ्ठ्याआड काही वेळ शांतता. मग ती लांब बीप. त्या पोरगेल्या शिक्षकानं श्वास सोडला तो सगळ्यांना ऐकू आला. मी पुन्हा टोटल दाबलं. वही आणि यंत्र जुळले.

मतदारांनी वहीतल्या अनुक्रमानंच मत द्यायचं असतं. अपवाद घडला तर त्या नावासमोर शेऱ्याच्या रकान्यात तसं लिहायचं. मी पेन घेतलं आणि लिहिलं, की प्रकृती अस्वस्थ झाल्यानं हे मतदार काही वेळ केंद्राच्या व्हरांड्यात बसले होते आणि नंतर क्रम सोडून त्यांनी मतदान केलं. खाली सही. दीड ओळीचा मजकूर. पण लिहिताना माझा हात नेहमीपेक्षा सावकाश चालला. प्रशिक्षणातलं वाक्य मला तेव्हा कळलं. एकाच माणसासाठी हे सगळं असंच लागतं, कारण तो एक माणूस नेमका कुठला असेल ते आधी कुणालाच माहीत नसतं.

सहाला दार बंद केलं. आत कुणी उभं नव्हतं. क्लोज बटण दाबलं, सतरा-सी भरला, प्रतिनिधीला प्रत दिली, सील केलं. साहित्य परत देण्याच्या केंद्रावर मोठी रांग होती. सगळे लिफाफे तपासून पावती मिळायला रात्रीचे साडेदहा वाजले. अंधेरी स्टेशनकडे चालताना बँकेतले काका म्हणाले, "पीआरओ म्हणून पहिलीच ना? चांगलं झालं." एवढंच. मला तेवढं पुरेसं होतं.

रविवारी गुंदवलीच्या महापालिका शाळेत मोजणी झाली. मतदान ३१.७४ टक्के. ऋतुजा लटके यांना ६६,५३० मतं. दुसऱ्या क्रमांकावर कुणीही उमेदवार नव्हता, नोटा होतं, १२,८०६. साधारण सात मतांमागे एक. त्यावर वाहिन्यांवर दिवसभर चर्चा झाली, पक्षांनी एकमेकांवर आरोप केले. मी ते सगळं ऐकलं, पण माझ्या डोळ्यांसमोर वेगळंच चित्र होतं. नोटा दाबणारा माणूससुद्धा घरातून निघालेला असतो. त्यानं चिठ्ठी शोधलेली असते, सही केलेली असते, शाई लावून घेतलेली असते. विधानसभेच्या निवडणुकीत नोटाला कितीही मतं पडली तरी सर्वाधिक मतं मिळवणारा उमेदवारच निवडून येतो, हे त्यांतल्या बऱ्याच जणांना ठाऊकही असेल. तरी ते आले. मला दुःख झालं ते न आलेल्या जवळजवळ सत्तर टक्क्यांचं. निकाल ठरलेला आहे असं वाटलं की आपण घरी बसतो. पण निवडून कोण येणार एवढाच मतदानाचा अर्थ नसतो. जी खुर्ची रिकामी आहे ती आपली आहे, एवढं जाऊन सांगणं हाही त्याचा अर्थ असतो.

अशी खुर्ची रिकामी राहिली तर काय होतं, ते पुढच्याच वर्षी दिसलं. २०२३च्या मार्चमध्ये खासदार गिरीश बापट गेले आणि पुण्याची लोकसभेची जागा मोकळी झाली. पोटनिवडणूक झाली नाही. मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबरमध्ये ती घ्यायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयानं जानेवारीत त्या आदेशाला स्थगिती दिली आणि २०२४च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत पुण्याला खासदार नव्हता. अकोला पश्चिममध्ये आमदार गोवर्धन शर्मा यांच्या निधनानंतर पोटनिवडणूक जाहीर झाली, पण विधानसभेची उरलेली मुदत वर्षापेक्षा कमी असल्यानं न्यायालयानं ती रद्द केली. दोन्हीकडे कायद्याची कारणं होती. पण रेशनकार्ड, पाणी, रस्ता यांसाठी कुणाकडे जायचं हे विचारणाऱ्या माणसाला कलमांची कारणं पुरत नाहीत. आणि २०२४च्या नोव्हेंबरात नांदेडच्या लोकसभा पोटनिवडणुकीचा निकाल लागला, तेव्हा वसंतराव चव्हाण यांच्या जागी त्यांचे चिरंजीव रवींद्र चव्हाण अवघ्या १,४५७ मतांनी निवडून आले. लाखोंच्या मतदारसंघात दीड हजारही नाही. तो आकडा वाचल्यावर मला बाकावर बसलेले बाबा आठवले. तसे किती जण शाई लावून बाहेर बसले असतील, आणि त्यांना शोधायला कुणी गेलं असेल का?

निवडणुकीची कागदपत्रं वर्षभर सीलबंद ठेवतात. मुदत संपली आणि न्यायालयात काही प्रलंबित नसलं की ती नष्ट करतात. माझी सतरा-अ वही आता नसेलच. तिच्यातली ती थरथरती सही, तिच्यासमोरचा माझा दीड ओळीचा शेरा, सगळं गेलं असेल. पंचवीस वर्षांत मी फळ्यावर कितीतरी लिहिलं आणि पुसलं. पण कुणी वाचणार नाही हे माहीत असतानाही मन लावून लिहिलेल्या ओळी फार थोड्या. त्यांतली ही एक. त्या दुपारी मी वही मिटली तेव्हा पीओ टू बाईंनी शाईच्या बाटलीचं झाकण घट्ट लावत माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सर, सकाळी मी विचारलं होतं ना, इथं तसं वाटेल का. वाटलं."